नदी दूर, नाला जवळ : सावंगी (मेघे)करांनी काय करावे, काय टाळावे

वर्धा नदी पुलगावला, वणा हिंगणघाटला, धाम पवनारला. वर्धा शहरालगतचं सावंगी (मेघे) यांपैकी एकीच्याही काठावर नाही. त्यामुळे पुराचा विषय निघाला की इथला माणूस बातम्यांत हिंगणघाट बघतो, 'बिचारे' म्हणतो आणि चॅनल बदलतो. गफलत इथेच होते. १९९० मध्ये इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, दवाखाना वाढला, विद्यार्थी आले. पाठोपाठ खोल्या, मेस, मेडिकल स्टोअर, अपार्टमेंट. वावरांचे ले-आउट झाले. सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे), म्हसाळा, नालवाडी, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. जमिनीचा मालक बदलला, वापर बदलला, उतार मात्र तोच राहिला आणि पाणी उतारानेच जातं.

जमीन काळी, भारी. पहिल्या पावसांत तिच्या भेगा पाणी पितात. एकदा ती फुगून बसली की वरचं पाणी आत घेत नाही. त्यावर काँक्रीट आलं की पहिल्या सरीपासूनच पाणी धावतं. हिशेब करून बघा : एक एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते चार लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. दहा एकरांचा ले-आउट असेल तर चारशे टँकर. तेवढं पाणी काही तासांत एका नालीतून निघायला बघतं.

जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात झड लागली तेव्हा हिंगणघाट, समुद्रपूर, देवळीकडचे नदी-नाले एकदमच फुगले. वणेचं पाणी हिंगणघाटच्या वस्त्यांत शिरलं, कितीतरी गावांचे रस्ते तुटले. त्यानंतर पंचनामे झाले, दौरे झाले. पण घरात पाणी शिरणार की नाही हे पुष्कळदा पावसाळ्यात ठरतच नाही, ते प्लॉटच्या इसारपावतीच्या दिवशी ठरलेलं असतं. म्हणून ही यादीही तिथूनच सुरू होते.

प्लॉट घेताना, घर बांधताना

करा : गाव नकाशा आणि जुना सातबारा काढा. दलालाच्या हातातला रंगीत ले-आउट प्लॅन नव्हे, भूमी अभिलेख कार्यालयातला नकाशा. नाला कुठून येतो, कुठे वळतो ते त्यात दिसतं. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' नावाची ओळ असते, ती बहुतेक जण वाचतच नाहीत. त्यातला वर्ग 'अ' म्हणजे पिकाला निकामी जमीन, दगडधोंड्याची वगैरे. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, कालवा, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कामाची जमीन. 'ब'खाली क्षेत्र दिसलं की पुढचा प्रश्न लगेच विचारा : ही जागा आता ले-आउटमध्ये कुठे गेली? ती तुमच्या प्लॉटखाली असेल तर इसाराचे पैसे खिशातच राहू द्या.

करा : जागा ऑगस्टमध्ये बघा. सौदे होतात ते दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात. तेव्हा जमीन कोरडी, आखीवरेखीव, चुन्याच्या रेघा मारलेली. ऑगस्टमध्ये जायला जमलं नाही तर खुणा वाचा. कुंपणाच्या तारेला आणि बाभळीच्या फांद्यांना प्लास्टिकच्या पिशव्या, काडीकचरा अडकलेला असतो. एखादी पिशवी वाऱ्याने उडून आलेली असेल. पण कचरा रांगेने एकाच उंचीवर लटकलेला असेल तर पाणी तिथवर येऊन गेलं आहे. जमिनीपासून ती उंची टेपने मोजा आणि मनात तिथे खिडकी काढून बघा. बेशरम आणि पाणकणीस माजलेलं असेल तर पाणी तिथे फक्त येत नाही, मुक्कामालाही असतं. आणि शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्याला काही विकायचं नसतं.

करा : पूररेषा विचारा. जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार नदी आणि निळी रेषा यांच्या मधे बाग, वाहनतळ, मोकळा भाजीबाजार, स्मशानभूमी असे वापर चालतात. नवीन घर चालत नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. नगर रचना कार्यालयात लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्या. लहान नाल्यांची पूररेषा मात्र सहसा आखलेलीच नसते. कागदावर रेषा नाही याचा अर्थ पूर नाही असा काढू नका.

टाळा : "पंचवीस वर्षांत एकदाच ना, मग आपल्याला काय" हा हिशेब. पंचवीस वर्षांतला पूर म्हणजे दर वर्षी शंभरातली चार इतकी शक्यता. घराचं कर्ज वीस वर्षांचं धरा. तेवढ्या काळात तो पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के आहे. नाणं उडवण्याहून वाईट! शंभर वर्षांतल्या पुराची शक्यताही त्याच वीस वर्षांत १८ टक्के भरते. हप्ता चुकू नये म्हणून जेवढी काळजी घेता त्याच्या निम्मी इथे घेतली तरी पुरे.

टाळा : "आजवर इथे कधी पाणी आलं नाही" यावर भरवसा. आजवर वरच्या अंगाला वावर होतं, धुरे होते, पाणी अडत अडत येत होतं. आता तिथे सिमेंटचे रस्ते आहेत. नागपूरकरांनी हे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाहिलं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या चांगल्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय ठेवत. त्या झोपडपट्ट्या नव्हत्या; रीतसर, पांढरपेशा, महागड्या जागा होत्या.

करा : जोतं मोजून घ्या. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल पाईप असतो. पाईपात पाणी भरा, एक टोक रस्त्याच्या मधोमध धरा, दुसरं आपल्या जोत्याशी, आणि फरक स्वतः वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, कंत्राटदाराच्या "भरपूर उंच आहे साहेब"पेक्षा खात्रीचं. जोतं रस्त्यापेक्षा निदान दोन-अडीच फूट वर असू द्या, कारण रस्ता तिथेच राहत नाही. दर डांबरीकरणात त्याच्यावर एक थर चढतो आणि दहा-पंधरा वर्षांत तुमचं घर खड्ड्यात जातं. तळमजल्यावरचे विजेचे पॉइंट चार फुटांवर घ्या, त्यांना वेगळा एमसीबी द्या, मीटर आणि इन्व्हर्टर त्याहून वर. सेप्टिक टँकच्या पाईपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर पाणी दारातून यायच्या आधी संडासातून येतं.

टाळा : तळघरात माणसं ठेवणं. सावंगीसाठी हे मुद्दाम लिहितो, कारण हे विद्यार्थ्यांचं गाव आहे आणि खोलीभाड्यावर इथे बरीच घरं चालतात. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पावसाचं पाणी घुसलं आणि तिथे अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. तळघर स्कूटर ठेवायला ठीक आहे. तिथे खाट टाकू नका, अभ्यासिका काढू नका, आणि पालकांनो, मुलाला खोली बघून देताना जिना खाली जातो की वर, एवढं तरी बघा.

घराला जागा कशी निवडावी हे बघायचं असेल तर पवनारच्या पुलावर थोडा वेळ थांबा. गांधीजींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ ला जिथे धाममध्ये विसर्जित झाल्या तिथली छत्री पात्रात आहे. मोठ्या पुरात ती पाण्याखाली जाते, पाणी ओसरलं की पुन्हा दिसते. विनोबा १९३८ मध्ये राहायला आले ती जागा, आजचं ब्रह्मविद्या मंदिर, काठावरच्या टेकाडावर आहे. पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असं इतिहासकार वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. राजधानी असो की आश्रम, राहायला उंचवटा निवडला आणि खालचं नदीला सोडलं. जिल्ह्यातली बहुतेक जुनी गावठाणं अशीच चढावर सापडतील. खोलगटात घर बांधायची हौस आपल्या पिढीची.

नाली, नाला, पुलिया

करा : घरापुढच्या नालीत टाकलेला पाईप बघा. गाडी आत घ्यायला प्रत्येक जण नालीत पाईप टाकून वर भर घालतो. पाईप स्वस्तातला, एक फुटी. आता गणित असं : पाईपचा व्यास दुप्पट केला की आतली जागा चौपट होते, आणि त्याच उतारावर पाणी वाहून न्यायची ताकद सहापटींहून जास्त. म्हणजे एक फुटीऐवजी दोन फुटी पाईप टाकला तर सहा पाईपांचं काम एकटा करतो. गल्लीत वीस घरं असतील आणि एकोणिसांनी मोठा पाईप टाकला, तरी विसाव्याच्या अरुंद पाईपशी पाणी तुंबतं आणि ते वरच्या एकोणिसांच्या दारात चढतं. हा वैयक्तिक प्रश्नच नाही, गल्लीने मिळून बसायचा प्रश्न आहे.

टाळा : नालीवर पक्का ओटा. स्लॅब टाकला, वर टपरी आली, तुळशीवृंदावन आलं. मग नाली साफ करायला कोणाची हिंमत होते? झाकायचीच असेल तर दोन माणसांना उचलता येतील अशी सुटी झाकणं ठेवा.

टाळा : नाला अंगणात घेणं. कुंपण दर वर्षी हातभर पुढे सरकतं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

करा : मे महिन्यात नाल्याची शिवारफेरी. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत चालत जा. मोबाईलवर फोटो काढा. कुठे गाळ, कुठे बांधकामाचा मलबा, कुठल्या मोरीत झाड उगवलं आहे. काढलेला गाळ काठावर रचून ठेवू नका. पहिल्या पावसात तो परत आत जातो आणि बिल मात्र निघालेलं असतं.

टाळा : पोकलेन लावून नाला सरळ करणं. वळणं काढली की पाणी वेगाने निघून जातं हे खरं, पण ते खालच्या गावावर तेवढ्याच वेगाने जाऊन आदळतं. सेलू तालुक्यातल्या तामसवाड्याला नाल्याचं खोलीकरण-रुंदीकरण झालं आणि 'तामसवाडा पॅटर्न' म्हणून त्याची चर्चा झाली. तो विचार वरपासून खालपर्यंत संपूर्ण पाणलोट धरून पाणी जिरवण्याचा आहे. मधलाच एक तुकडा खोदून पॅटर्नचं नाव लावता येत नाही. जेसीबी आला की काम झालं, असं आपल्याकडे फार लवकर समजतात.

करा : भरावांखालच्या मोऱ्या मोजा. समृद्धी महामार्ग, बुटीबोरी–तुळजापूर महामार्ग, वर्धा–नांदेड रेल्वे. जिल्ह्यात एवढ्यात उंच भराव बरेच आले. भराव म्हणजे पाण्याला आडवा बांध. त्याखालची मोरी बुजली तर रस्ता कोरडा राहतो आणि मागचं वावर तळं होतं. मोरी बुजलेली दिसली की फोटोसह अर्ज ज्याचा रस्ता त्या खात्याला द्या, प्रत तहसीलदारांना, आणि पोच घ्या. हे सगळं मेमध्ये. जुलैत तक्रार केली तर साहेब खरंच काही करू शकत नाहीत.

टाळा : भिंत बांधली की सुटलो, ही समजूत. पूर ओसरला की पहिली मागणी संरक्षक भिंतीची येते. काही ठिकाणी भिंत हवीच. पण भिंतीच्या भरवशावर तिच्या मागे आणखी घरं उठतात, आणि भिंतीहून मोठा पूर आला की नुकसान पूर्वीपेक्षा जास्त होतं. शिवाय आतलं पावसाचं पाणी भिंतीमुळे बाहेर पडत नाही. शतकानुशतकं बांध घालत आलेल्या नेदरलँड्समध्ये १९९५ साली नद्या फुगल्या तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी कितीतरी ठिकाणी बांध मागे घेतले आणि नदीला पसरायला जागा मोकळी करून दिली. ज्यांचा अर्धाअधिक संसार बांधांवर उभा आहे त्यांनी हे केलं.

धरणाचं पाणी

थोडक्यात सांगतो. वर्धा नदीवर आधी सिंभोऱ्याचं ऊर्ध्व वर्धा, खाली धनोडीचं निम्न वर्धा, ३१ दारांचं. तिथून सुटलेलं पाणी पुलगावकडे येतं. वणेच्या खोऱ्यात वडगाव आणि नांद, त्यांचं पाणी हिंगणघाटकडे. धाम आणि बोर यांची आपापली धरणं.

करा : विसर्गाचा आकडा वाचताना एकक बघा. आपल्याकडचे संदेश पुष्कळदा घनमीटर प्रति सेकंदात असतात, पुण्या-मुंबईच्या बातम्या क्युसेकमध्ये. एक घनमीटर म्हणजे ३५ क्युसेकहून थोडं जास्त. "फक्त ५०० सोडलं" म्हणजे साडेसतरा हजार क्युसेक असू शकतं.

टाळा : "वर धरण आहे, आता पूर येत नाही" असं म्हणणं. धरण भरलेलं असेल तर आलेलं पाणी पुढे सोडावंच लागतं, आणि धरणाच्या खाली येऊन मिळणाऱ्या नाल्यांना दार नसतं. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेहून जास्त माणसं नेली. नदीकाठची पिढी ती तारीख विसरलेली नाही. आपण ती पाठ करावी.

झड लागली की

करा : इशाऱ्याचे आकडे ओळखा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. महसूल खातं ६५ मिलिमीटर ओलांडले की त्या मंडळात अतिवृष्टी धरतं. आपलं महसूल मंडळ कोणतं आणि त्याचं पर्जन्यमापक यंत्र कुठे आहे, हे माहीत करून घ्या. पुढे मदतीच्या यादीत त्याच यंत्राचा आकडा बोलतो.

टाळा : वाहता रपटा ओलांडणं. ही एकच ओळ पाळली तरी जीव वाचतील. नडगीपर्यंतचं, अर्धा फूट धावतं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. एक फूट पाण्यात छोटी कार तरंगू लागते, दोन फूट पाणी जीपसुद्धा ओढून नेतं. जुलै २०२२ मध्ये सावनेर तालुक्यात केळवदजवळ मुलताईकडच्या कुटुंबाची स्कॉर्पिओ पुलावरून वाहणाऱ्या नाल्यात गेली. गाडी दणकट होती. पाण्याला त्याचं काय? शिवाय गढूळ पाण्याखाली रपटा आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. "पुढचा ट्रॅक्टर गेला ना" हे कारण सांगू नका, ट्रॅक्टरचं वजन तुमच्या मोटारसायकलला नाही. आणि पुलावर उभं राहून रील काढणाऱ्याला हाकला. वाईट वाटलं तरी चालेल.

करा : दवाखान्याच्या तारखा पुढे-मागे करून घ्या. सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा, या दोघांवर वर्ध्याइतकेच यवतमाळ, चंद्रपूरकडचे रुग्ण विसंबून आहेत. यशोदेला पूर आला की सरूळजवळ राळेगावचा रस्ता बंद होतो, आणि मग पलीकडच्या गावातला माणूस तासन्‌तास अडकतो. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणारे, केमो चालू असलेले, प्रसूतीची तारीख आठ-दहा दिवसांवर आलेल्या बाया, यांनी इशारा ऐकताच अलीकडच्या नातेवाइकाकडे येऊन राहावं. आशाताईंकडे गावातल्या गरोदर बायांची यादी असते. त्यांच्याशी आधीच बोला. रुग्णाच्या नातेवाइकांना सावंगीत दोन दिवस पथारी टाकू देणं हेही पूर व्यवस्थापनच आहे, घरमालकांनी ते लक्षात घ्यावं.

टाळा : पाण्यात उभं राहून मेन स्विच पाडणं. पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हाच स्विच बंद करा. उशीर झाला असेल तर हात लावू नका, महावितरणला १९१२ वर फोन करा. फीडर त्यांना बंद करता येतो.

करा : जनावरांची दावी सोडा. पुरात गुरं मरतात ती बहुतेक बांधलेली. मोकळी केली तर ती चढ शोधतात, काही पोहून निघतात. नदीकाठचा मोटरपंप जूनमध्येच वर आणून ठेवा. आणि काठाच्या कडेपर्यंत नांगर घालू नका. गवत-बांबूची पट्टी राहू दिली तर वावर खरडून जायचं प्रमाण कमी होतं. रेतीघाटावरच्या बेसुमार उपशाने काठ कसे कोसळतात, ते नदीकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

पाणी ओसरल्यावर

करा : आधी फोटो, मग झाडू. भिंतीवरची चिखलाची रेघ, भिजलेलं धान्य, खरडलेली जमीन, सगळ्याचे तारखेसह फोटो. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर तसंच ठेवता येत नाही. फोटो असले की बोलता येतं. सही करण्याआधी पंचनामा वाचा.

करा : विहीर शुद्ध करा. मोजमाप सोपं आहे. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर ही नेहमीची मात्रा. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते साधारण ६३ हजार लिटर, म्हणजे जवळपास १६० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा आणि तासभर थांबा. पुराचं पाणी आत गेलं असेल तर आधी उपसा करा आणि वाढीव मात्रा आरोग्य सेवकाला विचारून घाला. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, केल्याशिवाय पिऊ नका.

टाळा : भिजलेल्या गाडीला स्टार्टर मारणं. सायलेन्सरमधून किंवा हवेच्या वाटेने पाणी आत गेलेलं असेल तर इंजिन फुटतं आणि विमा कंपनी बोट तुमच्याकडे करते. टो करून न्या.

टाळा : अंधारात हात घालणं. पाण्याने बिळं भरली की नाग, घोणस, मण्यार घराच्या कोपऱ्यात, इंधनाच्या ढिगात, बुटात येऊन बसतात. दंश झाला तर आवळून दोरी बांधू नका, जखम कापू नका, बाबाकडे नेऊ नका. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना. साप मारून सोबत आणायची गरज नाही.

करा : तापाकडे लक्ष द्या. चिखलात काम केल्यावर ताप, पिंडऱ्या दुखणं, डोळे लाल, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका. ऑगस्ट-सप्टेंबरात ताप आणि अंगावर जळाल्यासारखा काळा डाग, तर स्क्रब टायफस. २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ येऊन गेली. दोन्हींवर औषध आहे, मात्र वेळेत पोचावं लागतं. मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने गोळी घेऊन चार दिवस काढू नका. दवाखाना दारात असलेल्या गावाने तरी.

ग्रामपंचायतीने

करा : ले-आउटला ना-हरकत देण्याआधी एकच प्रश्न विचारा. इथलं पाणी कोणत्या नाल्यात जाणार आणि त्या नाल्याच्या खालच्या मोरीतून ते मावणार का? उत्तर अभियंत्याच्या सहीने, आकड्यात घ्या. मोकळी जागा म्हणून ले-आउटमध्ये जी सोडायची असते ती सर्वांत खोलगट कोपऱ्यात मागून घ्या. तिथे बाग करा, पावसाळ्यात चार दिवस पाणी साठलं तर साठू द्या. सध्या होतं उलटं : विकायला अवघड असा कुठलाही वेडावाकडा तुकडा 'ओपन स्पेस' म्हणून गावाच्या गळ्यात पडतो आणि खोलगटातला प्लॉट भर घालून विकला जातो.

टाळा : सगळंच सिमेंट करणं. गल्लीचा मधला पट्टा पक्का पुरे, कडेला माती-मुरूम राहू द्या. प्रत्येक अंगण फरशीने झाकणाऱ्याला कोणी बक्षीस देत नाही.

करा : नाल्याची एक वही ठेवा. कोणत्या तारखेला किती पाऊस, पाणी कुठवर आलं, कोणती मोरी तुंबली. शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची रंगीत खूण करा, साल लिहा. २ ऑक्टोबर २०२२ ला 'चला जाणूया नदीला' अभियान इथून जवळच, सेवाग्रामला सुरू झालं. ते नद्यांचं होतं. नाल्याला मंत्री येत नाहीत, ते काम वॉर्डातल्या लोकांनीच करायचं.

ग्रामसभा १ मे रोजी भरते. पावसाळ्याआधीची ती शेवटची ठरलेली सभा असते आणि नेमकी तीच लग्नसराईमुळे ओस पडते. यंदा जा. गाव नकाशाची प्रत, नाल्याचे फोटो आणि बुजलेल्या मोऱ्यांची यादी घेऊन जा आणि विषय इतिवृत्तात लिहून घ्या. येताना हे आकडे शेजाऱ्यालाही द्या : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, महावितरण १९१२.